ग्रेपला मराठी का सापडत नाही

‘पीएचडीला येण्याआधी काय शिकून येऊ?’ असं विचारणाऱ्यांना माझं उत्तर ठरलेलं आहे. पायथन नंतर शिका, मशीन लर्निंग त्याहून नंतर. आधी टर्मिनल उघडा आणि ग्रेप, सॉर्ट, युनिक, डब्ल्यूसी, सेड, ऑक या सहा गोष्टींशी ओळख करून घ्या. पुढच्या पाच वर्षांत तुमच्यासमोर येणारा बराचसा डेटा शेवटी ओळींनी भरलेली एक टेक्स्ट फाइल असणार आहे, आणि ओळींनी भरलेल्या फाइलसाठी गेल्या पन्नास वर्षांत यापेक्षा चांगलं काही निघालेलं नाही. हे माझं ठाम मत आहे. सायन्सवाल्यांना ते लवकर पटतं. भाषा, इतिहास, समाजशास्त्रवाल्यांना वाटतं, हे आपलं काम नाही. म्हणून हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

कारण ग्रेपचा जन्मच मुळात इतिहासाच्या एका प्रश्नातून झाला. बेल लॅब्जमधले ब्रायन केर्निघन ही हकीकत सांगतात. त्यांचे सहकारी ली मॅकमहन यांना ‘फेडरलिस्ट पेपर्स’ तपासायचे होते. हे १७८७-८८ मधले ८५ निबंध, अमेरिकन राज्यघटनेच्या बाजूने टोपणनावाने लिहिलेले. त्यातले काही नक्की कोणाचे यावर वाद होता. कोण कुठला शब्द किती वेळा वापरतो हे पाहून लेखक ओळखता येईल, असा विचार होता. अडचण अशी की सगळा मजकूर एका वेळी एडिटरच्या मेमरीत मावेना. मग केन थॉम्पसननी त्या एडिटरमधला शोधण्याचा भाग उचलून वेगळा प्रोग्रॅम केला, जो फाइल पूर्ण न उघडता एकेक ओळ वाचत जातो आणि जुळलेली ओळ छापतो. हे साधारण १९७३ चं. नावही एडिटरच्या आज्ञेवरूनच: जी, स्लॅश, आर-ई, स्लॅश, पी. म्हणजे सगळीकडे शोध आणि छाप. त्याच सुमारास पाइप आला, एका प्रोग्रॅमचा निकाल दुसऱ्याच्या तोंडात घालणारी नळी. मॅकमहननी पुढे सेड लिहिला. १९७७ मध्ये ऑक आला, ज्याच्या नावातलं शेवटचं अक्षर केर्निघनचंच.

तर, दोनशे वर्षांपूर्वीच्या निबंधाचा लेखक शोधायला जे हत्यार घडलं, ते आपल्याकडच्या अवघ्या पंचवीस वर्षांपूर्वीच्या कागदावर चालवून पाहा. चालत नाही.

माझा विषय उल्हास नदीच्या पुरांचा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, हा आकडा सगळ्यांना पाठ आहे. पण बदलापूर, कल्याण, मोहने या पट्ट्यात कुठल्या वस्तीत पाणी किती वेळ राहिलं, कुठला नाला आधी उलटला, हे पावसाच्या आकड्यांत नसतं. ते पंचनाम्यांत, सभांच्या इतिवृत्तांत, वार्षिक अहवालांत असतं. आणि ते मराठीत असतं. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम १९६४ चा, त्यामुळे असायलाच हवं. एका कार्यालयाने मला अशा शे-दीडशे फायली सीडीवर दिल्या. भल्या मनाने दिल्या, तक्रार नाही. ग्रेपला म्हटलं ‘पूर’ शोध. एकही ओळ नाही. ‘पाणी’ शोध. नाही. पावसाळ्यातल्या अहवालात ‘पाणी’ शब्द नाही हे कसं शक्य आहे? फाइल उघडून मजकूर कॉपी केला तर हातात आली इंग्रजी अक्षरं, टिंबं, कंस आणि डॉलरची चिन्हं. पडद्यावर स्वच्छ मराठी, पोटात कचरा.

असं का, हे समजून घेतलं नाही तर तुम्ही ग्रेपला दोष द्याल किंवा स्वतःला. दोष दोघांचाही नाही.

संगणकाला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. आस्की हे १९६३ चं मानक, सात बिटांचं, १२८ जागांचं. त्यात इंग्रजी बसते आणि संपतं. मग देवनागरीचं काय? इथे बहुतेक लोक उडी मारून थेट युनिकोडवर येतात आणि मधला सगळ्यात महत्त्वाचा टप्पा विसरतात. आयआयटी कानपूरमध्ये १९८० च्या दशकात भारतीय लिप्यांवर काम झालं, त्यातून जिस्ट तंत्रज्ञान आलं. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झालं आणि मोहन तांबे आणि त्यांचं हे काम तिथे आलं. जिस्ट कार्ड नावाचं एक कार्ड पीसीच्या स्लॉटमध्ये बसवायचं. त्यामागचं मानक होतं इस्की, भारतीय मानक ब्युरोचं आयएस १३१९४, साल १९९१. आठ बिटं. खालच्या १२८ जागा आस्कीला जशाच्या तशा, वरच्या भारतीय लिप्यांना. गंमत म्हणजे देवनागरी, गुजराती, बंगाली, कन्नड, सगळ्यांच्या ‘क’ला एकच आकडा. लिपी बदलायची तर फक्त दाखवायची पद्धत बदला.

यात आपल्या कामाचा मुद्दा असा की डॉसवरच्या डीबेससारख्या प्रोग्रॅमला कळतही नसे की त्याच्या पोटातून मराठी चाललं आहे. त्याच्या लेखी ते नुसते आकडे. पडद्यावर अक्षर काढायचं काम कार्डाचं. म्हणजे काळ्या पडद्यावर, कमांड टाइप करून, मराठी नावांची यादी शोधणं तत्त्वतः तेव्हाच शक्य होतं. माझ्या मते हा भारतीय संगणनातला सर्वात कमी कौतुक झालेला टप्पा आहे. मजकूर वेगळा आणि दिसणं वेगळं, ही शहाणी गोष्ट त्यांनी आधीच केली होती.

मग विंडोज आलं, पेजमेकर आलं, लेसर प्रिंटर स्वस्त झाले. ठाण्या-दादरच्या छापखान्यांना काय हवं होतं? लग्नपत्रिका सुबक दिसायला हव्यात, दिवाळी अंक वेळेवर निघायला हवा. त्यासाठी कार्ड नको, मानक नको, फॉण्ट पुरे. फॉण्ट बनवणाऱ्यांनी साधी युक्ती केली: इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी अक्षराचं चित्र बसवायचं. संगणक समजतो आपण इंग्रजी छापतोय, कागदावर मराठी उमटतं. श्रीलिपी, आकृती, शिवाजी, किरण, सी-डॅकच्याच आयएसएमचे फॉण्ट, नावं तुम्ही ऐकली असतील. प्रत्येकाची चित्रं वेगळ्या जागी. त्यामुळे एका फॉण्टमधला मजकूर दुसऱ्यात उघडला की चिनी-जपानी दिसायचा. मराठी वृत्तपत्रांच्या सुरुवातीच्या वेबसाइट वाचायच्या तर आधी त्यांचा फॉण्ट उतरवून घ्या, ही त्याचीच दुसरी बाजू.

आणखी एक भानगड. या फॉण्टांत अक्षरं डोळ्याला दिसतात त्या क्रमाने साठतात. ‘बिवली’तला ‘बि’ घ्या. आपण उच्चारतो आधी ब मग इकार, इस्कीत आणि युनिकोडमध्येही तसंच. पण पहिली वेलांटी दिसते आधी, म्हणून फॉण्टच्या फाइलीत ती आधी. रफार उलट, अक्षरावर दिसतो म्हणून नंतर. त्यामुळे जुन्या फाइलीचं रूपांतर म्हणजे नुसतं ‘या चिन्हाऐवजी ते चिन्ह’ नाही. क्रमही पुन्हा लावावा लागतो. बाजारातले निम्मे कन्व्हर्टर इथेच मार खातात.

छापखान्यांना मी दोष देत नाही. त्यांना कागद हवा होता, कागद मिळाला. माझा राग धोरणावर आहे. मानक १९९१ पासून छापून तयार असताना सरकारी मजकूर पुढे कित्येक वर्षं चित्रांच्या भाषेत साठत राहिला. सरकार हे मराठी मजकुराचं सर्वात मोठं गिऱ्हाईक. खरेदीच्या अटींत एक ओळ पुरली असती: दाखवा कुठल्याही फॉण्टमध्ये, साठवा मानकात. ठाणे महापालिका १९८२ ची, कल्याण-डोंबिवलीची १९८३ ची. त्यांच्या वयाच्या कुठल्याही संस्थेचा कागद तुम्ही हातात घेतलात तर तीन थर धरून चाला: टाइपरायटर, फॉण्ट आणि युनिकोड. यातला टाइपरायटरचा थर स्कॅन करून वाचता येतो, युनिकोडचा शोधता येतो. मधला थर दोन्हीत नाही. ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ चं, कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ चं. तिथलं शंभर वर्षांचं पुस्तक उघडून वाचता येतं. १९९७ ची पेजमेकरची फाइल उघडून दाखवा.

आता उलट उदाहरण, मला फार आवडणारं. १९९१ च्या सुमारास अविनाश चोपडे यांनी आयट्रान्स नावाचा प्रोग्रॅम लिहिला. साध्या इंग्रजी अक्षरांत ठरावीक नियमांनी देवनागरी टाइप करायची, कमांड चालवायची, छापायला देवनागरी तयार. परदेशातले मराठी लोक तेव्हाच्या न्यूजग्रुपवर, ईमेलवर असंच लिहीत. आपल्याकडे १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, तेव्हाही स्वस्तातलं शेल अकाउंट म्हणजे निव्वळ काळा पडदा आणि अक्षरं. तिथे आयट्रान्स चालायचं, सुबक फॉण्ट नाही. दिसायला ते भयंकर होतं. मधेच मोठं अक्षर, मधेच दोन ए. पण त्याचे नियम उघड होते आणि मजकूर साधा होता. म्हणून १९९० च्या दशकातला आयट्रान्स मजकूर आज एका छोट्या स्क्रिप्टने युनिकोड होतो. त्याच काळातला देखणा मजकूर अडकून पडला.

युनिकोडची पहिली आवृत्तीही १९९१ चीच. तिच्यातला देवनागरीचा तक्ता इस्कीच्या १९८८ च्या मांडणीवर बेतलेला आहे. पण आकडे ठरले तरी ते फाइलीत कसे लिहायचे हा प्रश्न उरतोच, आणि त्याचं आज सर्वत्र चालणारं उत्तर पुन्हा कमांड लाइनवाल्यांनीच दिलं. सप्टेंबर १९९२ मध्ये न्यू जर्सीतल्या एका खानावळीत केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी टेबलावरच्या कागदावर यूटीएफ-८ ची रचना मांडली. थॉम्पसन तेच, ग्रेपवाले. त्यांची अट अशी की जुनी युनिक्स हत्यारं मोडता कामा नयेत. आस्कीचं अक्षर एका बाइटचंच राहावं, आणि दुसऱ्या कुठल्या अक्षराच्या पोटात आस्कीचा बाइट चुकूनही येऊ नये. म्हणून ज्या ग्रेपला देवनागरी हा शब्दही माहीत नव्हता, तो यूटीएफ-८ मधलं मराठी शोधू शकतो.

किंमत आपण मोजतो. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट खातं. ‘डोंबिवली’ घ्या. आपल्या कानाला अक्षरं चार. युनिकोडला चिन्हं आठ: ड, ओकार, अनुस्वार, ब, इकार, व, ल, ईकार. फाइलीत बाइट चोवीस. इस्कीत हेच आठ बाइटांत बसलं असतं. डब्ल्यूसीला बाइट मोजायला सांगा, २४ म्हणेल. चिन्हं मोजायला सांगा, ८ म्हणेल. (एको वापरलात तर ओळ संपल्याचं एक चिन्ह वाढून २५ आणि ९ येईल, घाबरू नका.) चार असं ते कधीच म्हणणार नाही. रेग्युलर एक्स्प्रेशनमधलं टिंब म्हणजे एक चिन्ह, एक अक्षर नव्हे. ‘चार अक्षरी गावं शोध’ असं चार टिंबांनी सांगितलंत तर डोंबिवली निसटेल आणि ‘ठाणे’ सापडेल, कारण ठाण्याची अक्षरं दोन असली तरी चिन्हं चार आहेत.

सॉर्टचंही तसंच. कल्याण, कसारा, कळवा ही मध्य रेल्वेची तीन स्टेशनं वर्णक्रमाने लावा. शाळेत शिकलेल्या मुळाक्षरांत ळ येतो ह नंतर, म्हणून कल्याण, कसारा, कळवा. पण युनिकोडच्या तक्त्यात ळ बसवलाय ल च्या शेजारी. लोकॅल ‘सी’ ठेवून सॉर्ट चालवलंत तर निकाल येतो कल्याण, कळवा, कसारा. दोन्ही क्रम आपापल्या जागी बरोबर आहेत. पण एक यादी एका क्रमाने आणि दुसरी दुसऱ्या क्रमाने लावून तुम्ही जॉइन करायला गेलात तर ओळी गळतील. शेकडो गावांच्या यादीत चार गळाल्या तर तुमच्या लक्षातही येणार नाही. म्हणून स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत लोकॅल काय ते लिहून टाकायचं.

आणि आता खास मराठी दुखणं. ‘शेतकऱ्यांचे’ हा शब्द. त्यातला अर्धा र, आपण डोळ्याची पापणी काढावी तसा काढतो तो. युनिकोडच्या मानकात यासाठी मराठीचा नाव घेऊन उल्लेख आहे. तो लिहायची योग्य पद्धत म्हणजे नुक्ता असलेला ऱ आणि हलन्त. पण जुन्या आवृत्तीशी जुळवून घेण्यासाठी साधा र, हलन्त आणि झीरो विड्थ जॉइनर नावाचं अदृश्य चिन्ह, हीसुद्धा चालते. पडद्यावर दोन्ही एकसारखे. ग्रेपला दोन वेगळे शब्द. घाईत लिहिणारे तर साधा र आणि य जोडून टाकतात, मग रफार उमटतो आणि शब्द चुकीचा दिसतो, पण फाइलीत असतो. ‘ॲ’चंही हेच. हे अक्षर युनिकोडमध्ये आलं २००८ च्या ५.१ आवृत्तीत. त्याआधीचे लोक अ वर वेगळा चंद्र देत, काही हिंदी पद्धतीचं ऍ वापरत.

पूरग्रस्त शेतकऱ्यांच्या नोंदी मोजायच्या असतील तर याचा अर्थ काय होतो, विचार करा. एका तालुक्याचा ऑपरेटर एक कीबोर्ड वापरतो, दुसऱ्याचा दुसरा. तुम्ही एकाच पद्धतीने शोधलंत तर एका तालुक्यात नुकसान जास्त दिसेल, दुसऱ्यात कमी. तो फरक नदीचा नसेल, कीबोर्डचा असेल. यावर उपाय दोन. शोधताना ‘शेतक’, मग टिंब-तारा, मग ‘यांचे’ असा सैल नमुना द्या आणि सापडलेलं डोळ्यांनी चाळा. किंवा आधीच सेडने सगळ्या फायलींतल्या सगळ्या पद्धती एका पद्धतीवर आणा. मी दुसरं करते, आणि मूळ फायली हात न लावता वेगळ्या ठेवते. युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशन इथे पुरत नाही, कारण जॉइनरवाला र आणि नुक्तावाला ऱ त्याच्या लेखी समान नाहीत. हे काम तुम्हालाच करावं लागतं.

मग फॉण्टवाल्या फायलींचं काय? पीडीएफ आली की पहिली कमांड पीडीएफफॉण्ट्स. आत कुठले फॉण्ट आहेत त्यांची नावं ती सांगते. डीव्ही-टीटी किंवा श्री-देव अशी नावं दिसली तर मजकूर कॉपी करण्यात दिवस घालवू नका. पानांच्या प्रतिमा काढा आणि टेसरॅक्टला द्या. हा ओसीआर मुळात एचपीमध्ये घडला, २००५ मध्ये मुक्त झाला, आणि त्याचं मराठी मॉडेल मिळतं. म्हणजे संगणकावर टाइप झालेला मजकूर पुन्हा चित्र करून संगणकालाच वाचायला द्यायचा. हास्यास्पद आहे, पण चालतं. जोडाक्षरांत चुका होतात, म्हणून आकडे आणि गावांची नावं मूळ पानाशी ताडून घ्या.

धोरण सुधारलं नाही असं नाही. नोव्हेंबर २००९ मध्ये केंद्राने ई-गव्हर्नन्ससाठी युनिकोड हे भारतीय भाषांचं मानक ठरवलं. २०१० मध्ये खुल्या मानकांचं धोरण आलं, २०१२ मध्ये डेटा खुला करण्याचं, २०१५ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरचं. कागदावर सगळं छान. पण यातलं प्रत्येक धोरण पुढे पाहणारं आहे. मागच्या फायलींचं रूपांतर कोण करणार आणि कोणाच्या खर्चाने, हे काम बेवारस आहे. आणि आपल्याला शिकवलं काय गेलं? २००१ पासून एमएस-सीआयटी लाखो लोकांनी केला. त्याने माणसं संगणकाला घाबरेनाशी झाली, हे श्रेय मोठं आहे. पण संगणक म्हणजे खिडक्या आणि बटणं एवढंच आमच्या पिढीच्या मनात बसलं. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये लिनक्स आणि बॅशचे धडे मराठीत फुकट आहेत. ते करा.

‘आता एआयला फाइल दिली की तो सांगतो की,’ हा आक्षेप मला दर आठवड्याला ऐकू येतो. सांगतो खरा. पण तुमचे परीक्षक विचारतील, ३१२ नोंदी कशा मोजल्या, तेव्हा तुमच्याकडे एक ओळीची कमांड असेल तर ती त्यांच्या लॅपटॉपवरही ३१२ च देईल. गप्पांचा निकाल पुन्हा तोच येईल याची हमी कोण देणार?

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट, कारण फायली मिळवण्यापासून सुरुवात असते. माहिती अधिकार कायदा २००५ च्या कलम ४ मध्ये नोंदी सूचीबद्ध आणि योग्य त्या संगणकीकृत ठेवायला सांगितलं आहे. कलम २ मध्ये माहिती फ्लॉपी, टेप किंवा इतर इलेक्ट्रॉनिक स्वरूपात मिळवण्याचा हक्क आहे, आणि कलम ७(९) म्हणतं की माहिती सहसा मागितलेल्या स्वरूपातच द्यावी, फार साधनं खर्ची पडणार असतील तर गोष्ट वेगळी. म्हणून अर्जात नुसतं ‘अहवालाची प्रत’ लिहू नका, नाहीतर स्कॅन केलेली झेरॉक्स येते. ‘मूळ संगणकीय फाइल, आणि ती युनिकोडमध्ये नसल्यास वापरलेल्या फॉण्टचं नाव’ असं लिहा. फॉण्टचं नाव कळलं की अर्धं काम झालं. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एका विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत हवा. टेक्स्ट फाइलमध्ये लिहा, डब्ल्यूसीला शब्द मोजायला सांगा. शब्द तो मराठीतही बरोबर मोजतो.